घरची मुलगी

बोरीवली पूर्वेला देवीपाड्यात मंडळाची एक लांबट खोली आहे. सकाळी तिथे व्यायामशाळा चालते, दुपारी रिकामटेकडे कॅरम खेळतात आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मधुकर घाडींचा मुलांचा नाटकाचा वर्ग भरतो. सन दोन हजारच्या जूनमध्ये वर्ग सुरू झाला. फी नाही, अर्ज नाही. चपला बाहेर ओळीत काढायच्या आणि आत येऊन बसायचं, एवढाच नियम. घाडी आता चौसष्ट वर्षांचे आहेत. औषधांच्या एका कंपनीच्या गोदामात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली, तीसुद्धा पहिली पाळी मागून घेऊन, म्हणजे संध्याकाळ मोकळी राहावी.

घाडींचं गाव कणकवलीजवळ. वडील परळच्या गिरणीत होते. थंडीत गावी जत्रा लागल्या की रजा काढून जायचे आणि दशावतारात राजाचा पार्ट करायचे. दशावताराची गंमत अशी की त्यात लिहिलेलं नाटक नसतं. खेळ उभा राहण्याआधी कथा ठरते, पार्ट वाटले जातात, आणि पुढे जो तो आपलं आपण बोलतो. लहानपणी पडद्यामागे बसून घाडींनी हे शंभर वेळा पाहिलं होतं. वर्ग सुरू करताना त्यांनी तीच रीत उचलली. मुलांना कागद द्यायचा नाही. गोष्ट सांगायची, पार्ट द्यायचा, बाकी ज्याचं त्याने बोलायचं.

ही रीत मुलांना किती मानवेल, हे त्यांनाही आधी कळलं नव्हतं. पाठ करायचं नाही म्हटल्यावर विसरायची भीती नाही. शाळेत ज्यांना बाकावर उभं करत, ती मुलं इथे राजे झाली. विकी नावाचा मुलगा बोलताना अडखळायचा. त्याला घाडींनी दवंडीवाला केलं. तो एकेक शब्द तोडून, मध्ये थाळी वाजवून बोलला आणि लोकांना वाटलं, दवंडी अशीच देतात. सुयोगला सहावीत जोडाक्षरं वाचता येत नव्हती. पार्टांची यादी फळ्यावर लागायची, आणि आपलं नाव कुठे आहे हे दुसऱ्याला विचारायची त्याला लाज वाटायची. त्या यादीपायी तो वाचायला शिकला. त्याच्या शाळेतल्या बाई एकदा मुद्दाम देवीपाड्यात येऊन घाडींना विचारून गेल्या, "तुम्ही याला नक्की काय शिकवता हो?"

"काही नाही बाई. तो बोलतो, मी ऐकतो," घाडी म्हणाले.

वर्गाचं सगळ्यात गाजलेलं नाटक म्हणजे 'शेवंती'. गोष्ट घाडींनीच रचलेली. एका गावातली विहीर आटते. राजा येऊन हुकूम सोडतो, भटजी येऊन मंत्र म्हणतात, पाणी काही येत नाही. शेवटी शेवंती नावाची पोर दोराला धरून विहिरीत उतरते आणि तळाशी उभी राहून पाण्याला हाक मारते. ती हाक कशी मारायची, हे घाडी कधीच सांगत नसत. एवढंच म्हणत, "तुझ्या घरी कोणी रुसलं तर त्याला कसं बोलावतात? तसं बोलाव." प्रत्येक शेवंती वेगळी हाक मारायची. कोणी दटावून, कोणी लाडाने, कोणी आजीच्या बोलीत.

पहिली शेवंती अक्षता होती. घाडींची एकुलती एक मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. मंडळाच्या सत्यनारायणाला मंडप घातला होता, तिथे तिने ती चिमुकली हाक मारली आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. खेळ संपल्यावर घाडी खुशीत पडदा सोडवत होते. तेवढ्यात पाठीमागून शकुताई, त्यांच्याच चाळीतल्या, मोठ्याने म्हणाल्या, "वर्ग फुकट आहे खरा, पण हिरोईन घरची! आमच्या पोरांनी काय, माडच व्हायचं का?" शकुताईंची प्रियंका त्या खेळात खरोखरच माड झाली होती. हातात झावळी धरून अर्धा तास उभी होती.

आजूबाजूचे हसले. घाडीही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "पुढच्या खेळापासून अक्षता पार्ट करणार नाही."

नंदा भाजी चिरत होती. तिने वर पाहिलं. "कित्याक? बरा केल्यान मां तिना."

"बरा केल्यान म्हणानच. लोक बोलतात."

"लोक काय, बोलतलेच."

"माझ्यावर बोट दाखवायला जागा नको," घाडी म्हणाले आणि विषय संपला. त्यांच्या मते ती न्यायाची गोष्ट होती. लोकांची मुलं आपल्या भरवशावर येतात. तिथे आपलं मूल शेवटी.

पुढची आठ वर्षं अक्षता रोज वर्गाला गेली, पण रंगमंचावर नाही. ती हजेरी घ्यायची, मुलींच्या वेण्या घालायची, मिशा चिकटवायची, पडदा ओढायची. एखादं मूल आलं नाही तर तालमीत त्याच्या जागी उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी ते आलं की बाजूला व्हायची. असं करत करत तिला प्रत्येक खेळाचा प्रत्येक पार्ट येऊ लागला. मुलं तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा मोठीसुद्धा. तिने कधी पार्ट मागितला नाही. फळ्यावर यादी लावताना ती खडू धरून शेजारी उभी असायची. बाप नावं सांगायचा, ती लिहायची. घाडींना वाटायचं, मुलगी समजूतदार आहे.

दोन हजार आठ साली आंतरमंडळ बालनाट्य स्पर्धेत देवीपाड्याचं 'शेवंती' शेवटच्या फेरीत गेलं. फेरी बोरीवलीच्या नाट्यगृहात, रविवारी सकाळी अकराला. शेवंती होती प्रियंका, माड झालेली तीच. आता ती चांगली तयार झाली होती. गुरुवारी संध्याकाळी शकुताई धापा टाकत वर्गावर आल्या. प्रियंकाला कांजिण्या आल्या होत्या.

"वाट लागली!" कोणीतरी म्हणालं. पण मुलं फारशी घाबरली नाहीत. सगळ्यांचे डोळे आपोआप एकाच दिशेला वळले. विकी म्हणाला, "काका, ताई आहे ना. ताईला सगळं येतं."

अक्षता तेव्हा चौदा वर्षांची होती. पेटीतले कपडे लावत बसली होती. हातातला परकर तसाच धरून तिने बापाकडे पाहिलं. घाडींनीही तिच्याकडे पाहिलं, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या शकुताईंकडे.

"ती घरची आहे," घाडी म्हणाले. "ऋतिका करेल."

 ऋतिका बारा वर्षांची. वडील गेल्यावर जालन्याहून आत्याकडे आलेली. आत्या मंडळाच्या मागच्या गल्लीत, बुद्धविहाराशेजारी राहायची. मुलीने बोलणंच सोडलं म्हणून चार महिन्यांपूर्वी आत्याने तिला वर्गात आणून सोडलं होतं. चार महिन्यांत ऋतिका हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

त्यानंतरचे दोन दिवस अक्षता आणि ऋतिका मंडळाच्या गच्चीवर होत्या. तिथे काय झालं, हे घाडींनी विचारलं नाही. त्यांना राजाचा मुकुट नवा करायचा होता. रविवारी अक्षताने ऋतिकाला स्वतःचा परकर-पोलका नेसवला, पिना लावल्या, आणि जाऊन पडद्याच्या दोरीशी उभी राहिली. ऋतिका विहिरीत उतरली. तळाशी उभी राहिली. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी जेमतेम ऐकू आली. तिसरी मात्र तिच्या आजीच्या बोलीत आली, "ये की गं माय, किती वाट पाह्यची?" आणि ती हाक मारता मारता पोर खरोखरची रडू लागली. वडील गेल्यावर ती रडलीच नव्हती, असं आत्या नंतर सांगत होती.

देवीपाड्याला पहिलं बक्षीस मिळालं. ढाल घ्यायला घाडी रंगमंचावर गेले आणि त्यांनी एकेकाचं नाव घेतलं. मुलांची नावं, मंडळाच्या शरूभाऊंचं नाव, विहीर बनवून देणाऱ्या सुताराचं, टेम्पोवाल्याचं, सकाळी वडापाव आणून देणाऱ्याचंही. सगळी नावं झाल्यावर नमस्कार करून ते खाली उतरले.

सोमवारी साडेपाचला ते वर्गाला निघाले तेव्हा अक्षता टेबलाशी वही उघडून बसली होती.

"येत नाहीस?"

"अभ्यास आहे, पप्पा."

मंगळवारीही अभ्यास होता. मग नववीची परीक्षा आली, मग दहावी, मग कॉलेज. घाडींना हे रीतीला धरूनच वाटलं. मुलगी मोठी झाली, आपल्या मार्गाला लागली. भांडण नाही, रुसवा नाही. ती नोकरीला लागली, लग्न करून मुलुंडला गेली. जावई राजेश चांगला. गणपतीला दरवर्षी येतात, दिवाळीला येतात. फक्त मंडळाच्या खोलीत अक्षताने पुन्हा पाऊल टाकलं नाही. देवीपाड्यात शिरताना ती मागच्या गल्लीने येते. मंडळाचं दार त्या वाटेवर लागत नाही. घाडींच्या हे कधी लक्षात आलं नाही. नंदाच्या आलं होतं.

गेल्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी शरच्चंद्र, सगळ्यांचे शरूभाऊ, कॅरमच्या सोंगट्या गोळा करता करता म्हणाले, "घाडी, पंचवीस वर्षं होतात वर्गाला. झकास कार्यक्रम करायचा. जुन्या पोरांना बोलवू, 'शेवंती' परत उभं करू."

बोलावणी गेली. विकी आला. तो आता औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो; अजून सावकाश बोलतो, पण म्हातारी माणसं गोळ्या कधी घ्यायच्या हे त्याच्याकडूनच समजून घेतात. प्रियंका पुण्याला होती, तिला जमणार नव्हतं. ऋतिका आली. ती आता महापालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची वेळ आली की डॉक्टर तिला पुढे करतात. घाडींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शेवंती तूच करायची."

"नाही काका."

"का गं? ड्युटी आहे?"

"ड्युटी नाही. तो पार्ट अक्षताताईचा होता."

घाडी हसले. "अगं, ते झालं गेलं. सोळा-सतरा वर्षं झाली."

"काका, मला कोणी शिकवलं, माहितेय ना तुम्हाला?" ऋतिका सरळ त्यांच्याकडे बघत होती. "तुम्ही नाही शिकवलं. दोन दिवस ताईने शिकवलं, वर गच्चीवर. मी बोलतच नव्हते. मग ताईने मला समोर बसवलं आणि स्वतः करून दाखवलं. अख्खं. मी तसं कधी पाहिलं नाही, नंतरसुद्धा नाही. पाहून मला वाटलं, आपल्याला पण ओरडता येईल. तुम्ही तिलाच विचारा. ती नाहीच म्हणाली तर मी आहे."

त्या संध्याकाळी घाडींचं वर्गात लक्ष लागलं नाही. घरी आल्यावर त्यांनी नंदाला विचारलं, "अक्षता नाटक करायची? म्हणजे, इतकं चांगलं?"

नंदाने गॅस बारीक केला. "तुमका आता कळला?"

"मला कोणी सांगितलंच नाही."

"सांगूचा काय? तुमच्या घरातच होता ता." ती परत गॅसकडे वळली. "जावा. तिका इचारा. पण ती येवची नाय."

रविवारी घाडी दोन बस बदलून मुलुंडला गेले. जाताना त्यांनी नातीसाठी खाजं घेतलं आणि काय बोलायचं ते मनात जुळवलं. शेवंती तुझीच आहे, उशीर झाला, पण तू कर. एवढं सरळ बोललं की झालं, असं त्यांना वाटत होतं.

अक्षताने चहा केला, पोहे केले. राजेशला रविवारीही काम होतं. सहा वर्षांची तेजल खाजं खात आजोबांच्या मांडीवर बसली. घाडींनी जुळवलं होतं ते सगळं सांगितलं.

अक्षताने शांतपणे ऐकून घेतलं. "नाही पप्पा."

"का? तुला येतं सगळं."

"यायचं."

"अगं, दोन तालमी केल्यास की..."

"पप्पा, खरंच नको. तुम्ही करा कार्यक्रम. छान करा." आवाजात राग नव्हता. ऑफिसात एखाद्याला नियम समजावून सांगावा तसा तो आवाज होता.

घाडींना राहवलं नाही. "तू माझ्यावर रागावली होतीस? पार्ट दिला नाही म्हणून?"

अक्षताने तेजलला खाली उतरवलं. "जा, हात धुऊन ये." ती आत गेल्यावर म्हणाली, "पार्टाचं नव्हतं तेवढं. तुम्ही लोकांच्या बोलण्याला घाबरता, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पार्ट न मिळायची सवय झाली होती मला. पण त्या दिवशी ढाल घेतल्यावर तुम्ही सगळ्यांची नावं घेतलीत. वडापाववाल्याचंसुद्धा. मी पडद्यामागे दोरी धरून उभी होते. मला वाटलं, आता घेतील, आता घेतील. मग तुम्ही नमस्कार केलात."

घाडी गोंधळले. "अगं, पण घरच्यांचं नाव... घरच्यांचे आभार काय मानायचे? तसं कोणी करतं का?"

"हो ना. म्हणूनच मी काही बोलले नाही," अक्षता म्हणाली. "तुमचं चुकलं असंही नाही. सगळे तसंच करतात. पण मी घरची म्हणून मला पार्ट नाही, आणि घरची म्हणून नावही नाही. मग त्या खोलीत मी होते कोण?"

 घाडींनी बशीतले पोहे चमच्याने एका बाजूला केले, पुन्हा दुसऱ्या बाजूला. शेवटी म्हणाले, "निदान तेजलला तरी पाठव वर्गाला. सुट्टीत."

"तेजल जाते वर्गाला. इथे खाली एक बाई शाळा सुटल्यावर फुकट घेतात. गाणं, नाच, चित्रं, सगळंच. ती आधी कोणाशी बोलायची नाही, आता घरी येऊन माझं डोकं खाते. वर्ग चांगलाच असतो, पप्पा. मी कधी वाईट म्हटलं नाही." मग ती म्हणाली, "त्या बाईंना ती कोणाची कोण, हे माहीत नाही. तिथे ती नुसती तेजल आहे."

तेजल ओले हात फ्रॉकला पुसत आली. "आई, शेवंती कर ना!"

घाडी चमकले. "हिला शेवंती माहीत आहे?"

"आई रोज करते," तेजल म्हणाली. "राजा पण आईच, भटजी पण आईच. दवंडीवाला तर एकदम भारी करते. मी आले ना शाळेतून, की करते."

"मग कर की," घाडी म्हणाले.  "मीही बघतो."

अक्षता लाल झाली. सोळा-सतरा वर्षांनी त्यांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं पाहिलं. पण ती म्हणाली, "नाही पप्पा. बाहेरच्यांसमोर नाही करत मी."

शब्द सहज निघून गेला होता. तो मागे घ्यावा असं तिला क्षणभर वाटलं असावं. पण ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. तेजल तिचा हात ओढतच होती. "तुम्ही पोहे संपवा, पाच मिनिटांत येते," असं म्हणून ती लेकीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

घाडी खुर्चीवर बसून राहिले. दारातून आवाज येत होता. आधी राजा आला, मग भटजी. तेजल खदखदून हसली. मग दोराचा करकर आवाज, तो अक्षता तोंडानेच काढत होती. मग शेवंती तळाशी पोचली आणि आत शांतता झाली. घाडी हाकेची वाट पाहू लागले. पंचवीस वर्षांत त्यांनी साठ-सत्तर मुलींच्या हाका ऐकल्या होत्या. इथे हाक आलीच नाही. शांतता इतकी लांबली की ते न कळत पुढे सरकून बसले. मग अक्षता हळू आवाजात म्हणाली, "नको येऊस. तुला यायचं नसेल तर नको येऊस. मी काही बोलवायला नाही आले. मी बसते इथे जरा. दमले आहे."

आणि पुन्हा शांतता. मग तेजल कुजबुजली, "आलं... आई, पाणी आलं."

घाडींनी डोळे मिटून घेतले. रुसलेल्याला न बोलावता नुसतं त्याच्यापाशी बसायचं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्यांना स्वतःलाच ते सुचलं नव्हतं. त्यांच्या हातांनी टाळी वाजवायला सुरुवात केली होती. ती त्यांनी आवाज होण्याआधी थांबवली.

अक्षता बाहेर आली तेव्हा तिने केस नीट केले होते. "चहा अजून देऊ?"

"नको. निघतो आता."

दारापर्यंत सोडायला ती आली. "पप्पा, एक करा. कार्यक्रमात माझं नाव घेऊ नका. आता घ्याल तुम्ही, मला माहितेय. पण नको. लोक वळून बघतील, चौकशा करतील. घेणार नाही ना?"

"नाही घेणार," घाडी म्हणाले. तिने सोळा-सतरा वर्षांत मागितलेली ती एकच गोष्ट होती.

कार्यक्रम जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी झाला. खोली पुरेना म्हणून बाहेर खुर्च्या टाकल्या होत्या. जुनी मुलं आपापली मुलं घेऊन आली होती. सुयोगने वर्गाच्या पंचवीस वर्षांची हकिगत लिहून आणली आणि न अडखळता वाचली. मग शरूभाऊंनी माइक घेतला. त्यांना बोलायला आवडतं. घाडींची शिस्त सांगितली, चपलांची ओळ सांगितली, लोक हसले. मग आवाज चढवून म्हणाले, "पण या माणसाचा मोठेपणा कशात आहे, सांगतो. दोन हजार आठची स्पर्धा आठवा. आयत्या वेळी शेवंती आजारी पडली. घरात स्वतःची मुलगी तयार. दुसरा असता तर काय केलं असतं? पोटच्या मुलीलाच पुढे केलं असतं! पण घाडींनी तिला बाजूला ठेवलं आणि एका बिनबापाच्या पोरीला उभं केलं. ती पोर आज बघा, कुठे आहे! याला म्हणतात निःस्वार्थ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शकुताई आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. त्या खुर्चीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. ते पाहून सगळी खोली उभी राहिली. फक्त दोघी बसून होत्या. विंगेत शेवंतीच्या वेषातली ऋतिका, आणि पहिल्या रांगेत नंदा, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून.

घाडींना शाल घातली गेली. माइक हातात आला. नाव घ्यायचं नाही, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

"शरूभाऊ म्हणाले तसं नव्हतं ते," ते म्हणाले. "त्या दिवशी मी ऋतिकाचा विचार केला नाही. ऋतिकाचं भलं झालं ते तिच्या गुणाने, आणि तिला शिकवणारीच्या गुणाने. मी फक्त माझ्या नावाला घाबरलो. लोक काय म्हणतील, याला घाबरलो आणि त्याला न्याय म्हणत राहिलो. ज्याला खरोखर मिळायला हवं होतं त्याला मी दिलं नाही. ते चुकलं माझं. त्याच्याबद्दल मला शाल नको."

 मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि पाहता पाहता आधीपेक्षा मोठा कडकडाट झाला. शरूभाऊ माइककडे झेपावले. "बघा! बघितलात मोठेपणा? स्वतःकडे श्रेय घेत नाही हा माणूस!" शकुताई डोळे पुसत होत्या. कोणीतरी शिट्टी मारली. घाडी दोन्ही हात हलवत "अहो, ऐका, तसं नाही," म्हणत होते. पण माइक त्यांच्या हातात राहिला नव्हता.

मग खेळ झाला. ऋतिकाने चांगली हाक मारली.

सोमवारी सकाळी घाडी शालीची घडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवत होते तेव्हा फोन वाजला.

"पप्पा, झाला ना नीट कार्यक्रम?" अक्षताने विचारलं.

"झाला. सगळ्यांनी छान केलं."

"माझं काही..."

"नाही घेतलं नाव."

"बरं केलंत." ती लगेच पुढे म्हणाली, "आईला सांगा, तेजलचा खोकला बरा आहे. तरी आज शाळेत नाही पाठवली."

"सांगतो. अक्षता..."

"हां, बोला."

घाडींना बोलायचं होतं ते एका वाक्याचंच होतं. मुलुंडहून परत येताना बसमध्ये त्यांनी ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. तू माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली होतीस. पण ते कुठून सुरू करायचं, याची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्यांच्या मुलांना त्यांनी ते शेकडो वेळा म्हटलं होतं, पाठीवर थाप मारून, चालता चालता.

"काही नाही," ते म्हणाले. "तिला गरम पाणी दे प्यायला."

"देते."

पलीकडून तेजलचा बसका आवाज आला, "आई, कोण आहे? ठेव ना. शेवंती कर ना."

"ठेवते हं पप्पा," अक्षता म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.